वाहून नेलेले पाणी: गोदावरीकाठच्या प्रकल्प नोंदी

20 ऑक्टोबर 2024, छत्रपती संभाजीनगर

मराठवाड्याची छायाचित्रे हवीत, असे बाहेरून कोणी कळवते तेव्हा मागणी बहुधा ठरलेली असते. हिवाळ्यात अजिंठा आणि वेरूळ, उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन आणि त्या भेगांवर आकाशाकडे पाहत उभा केलेला शेतकरी. ही दोन्ही चित्रे खोटी नाहीत, आणि दुष्काळ ज्यांनी सोसला त्यांच्यासमोर तो नाकारण्याचे धाडस मी करणार नाही. पण वर्षानुवर्षे एवढेच छापले गेल्याने इथली माणसे उरलेल्या दिवसांत पाण्याशी कशी वागतात, ते जपतात कसे, वाटतात कसे, पूजतात कसे, याचे चित्र कुठे उरलेलेच नाही. ते काम आता कोणाच्या मागणीची वाट न पाहता हाती घेतो आहे. पैठणपासून धर्माबादच्या अंगाला नदी महाराष्ट्र सोडते तिथपर्यंत, गोदावरीच्या काठाने, हिवाळा आणि उन्हाळा धरून.

दोन भिंगे नेणार, 35 मिमी आणि 85 मिमी. ड्रोन नेणार नाही, कारण उंचीवरून पाहिलेली नदी नकाशासारखी होते आणि काठावरच्या माणसाला ती कधीच तशी दिसत नाही. भेगाळलेल्या जमिनीचे चित्र या प्रकल्पात काढायचे नाही, हेही आजच लिहून ठेवतो.

9 नोव्हेंबर 2024, पैठण

सकाळी नागघाटावर. जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर, पाठीमागे आहे, त्यामुळे पैठणपासून खाली नदीत पाणी किती दिसेल हे पावसाइतकेच धरणाच्या दरवाजांवरही ठरते. लालबहादूर शास्त्री यांनी 18 ऑक्टोबर 1965 रोजी जायकवाडीची पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आणि 27 दरवाजे, एवढी ती रचना. दरवाजे उघडले की त्यांचे चित्र सगळी वर्तमानपत्रे छापतात आणि त्याची गोडी मला समजते, पण या प्रकल्पासाठी दरवाजांपेक्षा त्यांच्या खालचा घाट अधिक महत्त्वाचा आहे.

आजचा बहुतेक वेळ पोलरायझर फिल्टरवर गेला. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन धरून उभे राहिले आणि फिल्टर फिरवला, की पाण्यावरची चकाकी जवळजवळ पूर्ण निघून जाते आणि घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या, त्यांवरचे शेवाळ, तळाशी पडलेली नाणी आणि निर्माल्याचे धागे दिसू लागतात. तोच फिल्टर नव्वद अंश फिरवला की तळ नाहीसा होतो आणि पाण्यात आकाश व देवळाचे शिखर उतरते. एकाच जागी, एकाच मिनिटाला दोन वेगळी चित्रे मिळतात आणि त्यांतले कोणते घ्यायचे याचे उत्तर तंत्रात नसते. पूर्ण तळ दाखवला तर पाणीच नाहीसे होते, पायऱ्या कोरड्या वाटू लागतात. पूर्ण प्रतिबिंब ठेवले तर चित्र भेटकार्डासारखे गोड होते. मी फिल्टर अर्ध्यावर ठेवला, जवळच्या दोन पायऱ्या पाण्याखाली दिसाव्यात आणि पुढे आकाश सुरू व्हावे अशा बेताने. पुढील सर्व घाटांवर हाच बेत ठेवण्याचा विचार आहे, म्हणजे वेगवेगळ्या गावांची चित्रे शेजारी लावली तरी पाणी एकच वाटेल.

शटर बराच वेळ उघडे ठेवून पाणी रेशमासारखे मऊ करण्याची पद्धत इथे वापरणार नाही. त्या मऊपणात तरंग पुसले जातात, आणि तरंगांवरूनच तर कळते की आत्ताच कोणी पाण्यात उतरले आहे.

17 नोव्हेंबर 2024, छत्रपती संभाजीनगर

आज बाहेर पडलो नाही. लाला दीनदयाळ यांच्या जुन्या छायाचित्रांच्या प्रती काढून बसलो. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार होते आणि मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने आपल्या भागाचे, विशेषतः वेरूळचे, फार चांगले छायाचित्रण त्यांच्या हातून झाले. जड कॅमेरा, तिकाटणे आणि काचेच्या प्लेटा घेऊन फिरणाऱ्या माणसाला एका जागी फार थोडी चित्रे घेता येत. त्यामुळे कॅमेरा कुठे ठेवायचा हा निर्णय आधी, चालता चालता, डोळ्यांनीच घ्यावा लागे. त्यांच्या वास्तुचित्रांत एखादा माणूस खांबापाशी शांत उभा दिसतो. तो खांबाची उंची सांगतो हे खरे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्याची उभे राहण्याची जागा, कारण नजर त्याच्यापासून सुरू होऊन छताकडे चढत जाते.

त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जागा आधी ठरवून माणसाची वाट पाहणे. मी मात्र माणसाला उभे करणार नाही. तो आपल्या कामासाठी येईल तेव्हाच चित्र घेईन.

8 डिसेंबर 2024, शहागड, राक्षसभुवन

राक्षसभुवन 1763 च्या लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला तो याच परिसरात. आज तिथे शनीच्या दर्शनाला आलेली माणसे होती आणि प्रकाश सपाट होता. फारसे काही हाती लागले नाही.

परतताना एक गोष्ट मात्र ठळकपणे लक्षात आली, आणि ती प्रकल्पाच्या मुळाशी जाणारी आहे. पैठणच्या खाली नदीवर एकामागून एक बंधारे आहेत: आपेगाव, हिरडपुरी, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुद्गल, डिग्रस, मग नांदेडचा विष्णुपुरी आणि शेवटी बाभळी. वर्षातले बरेच महिने इथली गोदावरी म्हणजे एकाखाली एक अशी स्थिर तळी असतात. मी प्रवाह शोधत फिरत होतो आणि प्रवाह पात्रात नव्हताच. तो डाव्या कालव्यात आहे, जो जायकवाडीपासून 208 किलोमीटर जातो. शेतातल्या मोटारींच्या पाइपांत आहे. आणि शहागडच्या पुलाजवळ एका बाईने भरून डोक्यावर घेतलेल्या कळशीत आहे. नदी थांबलेली आणि पाणी चाललेले, हे चित्रात कसे आणायचे यावर आता विचार करायचा आहे.

30 डिसेंबर 2024, गंगाखेड

आज सोमवती अमावास्या आणि लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, दोन्ही एकाच दिवशी. लातूरच्या मित्राने शेतात कडब्याच्या कोपीपाशी जेवायला बोलावले होते. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे सोडून इकडे येणे सोपे गेले नाही, परंतु सोमवतीला गंगास्नान करणारी गर्दी पुन्हा केव्हा मिळेल हे सांगता येत नाही.

संत जनाबाईंच्या या गावी घाटाचा दगड काळा आहे आणि ओला झाला की आणखी काळा होतो. कॅमेऱ्यातील मीटर समोरचे सारे जग सरासरी करड्या रंगाचे, अठरा टक्के प्रकाश परतवणारे, असे धरून चालतो. त्यामुळे काळ्या दगडाने चौकट भरली की तो उजेड वाढवतो आणि बेसाल्टचा सिमेंट होतो. या घाटावर मीटर जे सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप, म्हणजे उजेडाच्या एक-दीड पायऱ्या, कमी ठेवून काम केले. दगड काळाच राहिला, आणि त्यावरून उतरणाऱ्या हिरव्या-जांभळ्या लुगड्यांना आपापले रंग मिळाले. मराठवाड्यात छायाचित्रण करणाऱ्या प्रत्येकाने हा काळा सांभाळायला हवा असे मला मनापासून वाटते. वेरूळपासून अंबाजोगाईपर्यंत आपली बहुतेक जुनी वास्तू याच दगडात आहे आणि तो करडा छापला गेला की तिचे वजनच जाते.

स्नान करणाऱ्या बायकांची चित्रे घेतली नाहीत आणि घेणारही नाही. पाठ वळवून घाटाच्या वरच्या टोकाला, जिथून माणसे परत निघतात तिथे, 35 मिमीचे भिंग लावून बसलो. तिथे जे दिसले त्याने डिसेंबरच्या सुरुवातीला पडलेल्या प्रश्नाची वाट मोकळी केली. वर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पाणी होते. तांब्याच्या गडूत, पितळी कळशीत, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत, तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये. एका आजींनी औषधाची छोटी बाटली भरून, बूच घट्ट लावून, ती पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचली. मी विचारून त्यांच्या हाताचे आणि त्या गाठीचे चित्र घेतले. गाठीतून ओल पाझरून पदरावर बोटभर डाग पडला होता आणि तोच चौकटीच्या मधोमध आला.

“लेकरा, पान्याचा फोटू कामून काढायलास? पानी तर रोज दिसतंय,” त्या म्हणाल्या.

“हे पाणी कुठं न्यायचं, आजी?” मी विचारले.

“देवघरात. आन् सून बाळंत हाय, तिला दोन थेंब.”

आता प्रकल्पाचा विषय नदी नसून नदीतून उचलून नेलेले पाणी हा आहे. पैठणची घाटचित्रे त्यात राहतील, पण पार्श्वभूमी म्हणून.

18 जानेवारी 2025, नांदेड

तख्त सचखंड श्री हजूर साहिब. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये इथे ज्योतिज्योत समावले आणि आजची वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, 1832 ते 1837 या वर्षांत उभी राहिली. दररोज पहाटेच्या आधी गोदावरीचे पाणी गागरीत भरून तख्तावर नेले जाते आणि त्या पाण्याने तिथले स्नान होते. गागरिया सिंग ही सेवा पावसापाण्यात, थंडीवाऱ्यात चुकू देत नाहीत. गंगाखेडच्या घाटावरून वर येणारी कळशी आणि इथली गागर एकाच नदीतून भरली जाते, हे मला शब्दांत लिहायचे नाही, दोन चित्रे शेजारी लावून दाखवायचे आहे.

रात्री काम करण्याआधी सेवादारांना भेटून परवानगी घेतली, डोके झाकले आणि आतल्या भागात कॅमेरा नेला नाही. वाटेवर रस्त्याच्या दिव्यांचा पिवळा उजेड आहे आणि माणसे झपाझप चालतात, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 6400, शटर सेकंदाचा साठावा भाग आणि भिंग पूर्ण उघडे ठेवले. फ्लॅश वापरण्याचा प्रश्नच नव्हता. चेहऱ्यांपेक्षा पावलांवर लक्ष ठेवले, कारण गागरीतून हिंदकळलेले थेंब डांबरावर पडून दिव्यात चमकतात आणि ती रेघ नदीकडून तख्ताकडे कुठून कुठे आली ते सांगते. काही चौकटींत पाय अस्पष्ट आणि थेंब स्पष्ट आले आहेत. त्या तशाच ठेवाव्यात असे वाटते. चालण्याचा वेग त्यांतूनच कळतो.

दिवसा विष्णुपुरीला गेलो. दुपारचा उजेड, धूसर हवा. नोंदीपुरती दोन चित्रे.

22 फेब्रुवारी 2025, नाथसागराचा काठ

या दिवसाबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ऑक्टोबरमध्ये लिहिलेला नियम आज बदलला.

जलाशय ओसरू लागला की काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि तिथे शेतकरी गाळपेर करतात. पाणी जसजसे मागे हटते तसतशी पेरणी त्याच्या पाठोपाठ पुढे सरकते, त्यामुळे काठाकडून पाण्याकडे चालत गेले तर आधी पिवळा पडू लागलेला हरभरा, मग हिरवा गहू, मग टरबुजाचे कोवळे वेल आणि शेवटी चिखल, असे पिकाचे वय कमी कमी होत गेलेले दिसते. या पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या गाळाला सर्वत्र भेगा होत्या, अगदी त्याच भेगा, ज्यांची चित्रे बाहेरचे लोक दुष्काळ म्हणून मागतात.

मी खाली बसून एका भेगेत हात घातला. वर अंगठा जाईल एवढी रुंद आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीची खोल. बोटांना तळाशी गार ओल लागली, आणि भेगेच्या कडेवरच्या वेलीचे पांढरे मूळ त्याच ओलीकडे उतरलेले दिसले. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून भेगा पडतात. चांगल्या पाऊसकाळानंतर रब्बीच्या ज्वारीत आणि हरभऱ्यातही त्या पडतात, आणि पुढच्या पावसात त्याच भेगांतून पाणी खोल मुरते. भेग हा मातीचा स्वभाव आहे; ती दुष्काळाचीच खूण असते असे नाही. दुष्काळात ओल आणि मूळ दोन्ही नसतात. चित्र वरून, उभ्याने घेतले तर हा फरक दिसतच नाही, आणि आजवरची बहुतेक चित्रे उभ्यानेच घेतलेली आहेत.

म्हणून भेगांचे चित्र घेतले, पण जमिनीला टेकून, 35 मिमीने, भेगेच्या तोंडापासून सुरुवात करून. पुढे मूळ, मध्ये वेल, मागे बाप-लेक डिझेल इंजिनाचा पाइप ओढत आहेत आणि पाठीमागे जलाशयाची पांढुरकी रेघ. सगळे एका चौकटीत तीक्ष्ण यावे म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, लहान, एफ 16 ठेवले. प्रकाश संध्याकाळचा, डावीकडून, इतका तिरका की भेगेच्या आत दोन बोटे उजेड गेला.

पाइप ओढणाऱ्या दादांनी विचारले, “हे कुठं छापून येणार? दुष्काळ म्हणून नका टाकू बरं. टरबूज म्हणून टाका.” हे वाक्य त्यांची परवानगी घेऊन चित्राखाली जसेच्या तसे द्यायचे आहे.

16 मार्च 2025, पैठण

तुकाराम बीज. संत एकनाथांच्या गावातील वाड्यात आजपासून रांजण भरायला सुरुवात होते. श्रीखंड्याच्या रूपाने आलेल्या भगवंताने नाथांघरी पाणी भरले तो हा रांजण, अशी श्रद्धा आहे. भाविक गोदावरीचे पाणी आणून त्यात ओततात आणि रांजण भरून वाहू लागला की श्रीखंड्या स्वतः येऊन ओतून गेला असे मानतात. पाणी भरणे हेच ज्यात पूजेचे सगळे कर्म आहे असा दुसरा विधी या नदीकाठी मी पाहिलेला नाही.

आत अंधार आहे आणि माणसांची दाटी. वाड्यातील मंडळींना आधीच भेटून ठेवले होते. त्यांनी एका खांबाला टेकून उभे राहायची जागा दाखवली आणि तिथून हलायचे नाही असे सांगितले. जागा एकच असणे हे या कामाला उलट उपकारकच ठरले. 85 मिमीचे भिंग रांजणाच्या तोंडावर रोखून ठेवले आणि चौकटीत फक्त हात येऊ दिले. बांगड्या भरलेले हात, मनगटावर नाव गोंदलेला हात, शाळकरी मुलाचा हात ज्याला तोंडापर्यंत पोचण्यासाठी कोणीतरी उचलून धरले होते, आणि प्रत्येक हाताला वेगळी घागर. पाणी ओतले जाताना घागरीच्या काठाशी जी काचेसारखी जाड धार असते ती गोठवायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो, आणि एवढा उजेड तिथे नव्हता. एकशेपंचविसाव्या भागावर धार थोडी ओढली जाते, पण ओतणाऱ्याचा हात स्थिर राहतो. मला हात हवा होता, त्यामुळे धार गेली तरी चालली.

20 मार्च 2025, पैठण

नाथषष्ठी. 1599 मध्ये याच तिथीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. दिंड्या, भानुदास-एकनाथाचा गजर, वाळवंटातल्या राहुट्या. गर्दीची चित्रे अनेकजण घेत होते आणि उत्तम घेत होते. मी एका राहुटीबाहेर भाताच्या पातेल्यात पाणी ओतणाऱ्या वारकरी बाईंपाशी थांबलो. एवढेच चित्र ठेवतो.

30 मार्च 2025, पैठण ते शेवगाव रस्ता

गुढीपाडवा. चैत्रात गावोगावची तरुण मंडळी पैठणहून गोदावरीचे पाणी कावडीने आपल्या ग्रामदैवताला नेतात. आज काही अंतर त्यांच्याबरोबर अनवाणी चाललो, कारण बूट घालून त्यांच्या रांगेत चालणे योग्य वाटले नाही. कावड खांद्यावरून खांद्यावर जाते पण जमिनीला टेकवत नाहीत. खांदा बदलताना दोघांच्याही खांद्यावर ती असते तो क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो आणि तोच चित्रात हवा होता. त्यासाठी पुढे धावून वाट अडवण्याऐवजी, चालणाऱ्यांपैकी एकाने सुचवल्याप्रमाणे, कावडीच्या मागे डाव्या हाताला राहिलो. “पुढून आला तर तुम्ही फोटोवाले. बाजूनं चला, म्हंजी आमच्यातले.” प्रवासी छायाचित्रकाराने कुठे उभे राहावे याबद्दल मी जे काही वाचले आहे, त्यापेक्षा हे मला अधिक उपयोगी पडले.

याच रस्त्यावर पाण्याचे टँकर कावडीला ओलांडून जात होते. दोन्हींत नाथसागराचेच पाणी. कावड आणि टँकर एका चौकटीत सहज येत होते आणि ते चित्र लगेच लोकांच्या पसंतीला उतरले असते, पण ते एकाला मोठे आणि दुसऱ्याला छोटे करते. टँकरचे चित्र स्वतंत्र घेतले: खालची तोटी, तिच्यापाशी ठेवलेला रिकामा हंडा, आणि हंड्यावर रंगवलेले नाव.

19 एप्रिल 2025, छत्रपती संभाजीनगर

दोन दिवस निवड चालू आहे. छोट्या प्रती काढून जमिनीवर मांडल्या. आधी पैठण ते नांदेड असा भूगोलाचा क्रम लावला. तो प्रवासवर्णनासारखा झाला आणि तख्ताची गागर शेवटी गेल्याने तीच सर्वांत महत्त्वाची वाटू लागली. मग भांड्यांप्रमाणे लावून पाहिले, तेव्हा ते प्रदर्शनातल्या कपाटासारखे दिसले. आता पाणी नदीपासून किती दूर गेले त्या हिशेबाने लावतो आहे. घाटावरच्या भातापासून सुरुवात, मग वाड्यातला रांजण, तख्ताची गागर, गाळपेरीचा पाइप, आजींच्या पदराची गाठ, कावड, टँकर, आणि सर्वांत शेवटी 208 किलोमीटरच्या कालव्याच्या टोकाकडचे एखादे शेत. हा क्रम पटतो, कारण त्यात पवित्र आणि रोजचे अशी फारकत होत नाही.

कालव्याच्या टोकाचे चित्र अजून नाही. परभणी जिल्ह्यात शेवटच्या चाऱ्यांवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यांवर, पाण्याची पाळी सुटेल तेव्हा जावे लागेल. तिथल्या शेतकऱ्यांशी बोलणे झाले आहे आणि पाळीची तारीख ते कळवणार आहेत. छपाईसाठी सुती कागद घेणार आहे, कारण चकचकीत कागदावर गंगाखेडच्या दगडाचा काळा डोळ्यांना टोचतो. चित्राखाली गाव, तिथी आणि पाणी कुठे चालले होते एवढेच असेल. गाळपेरीवरच्या दादांना, वाड्यातील मंडळींना आणि कावडीच्या तरुणांना प्रती प्रदर्शनाआधी पोचवायच्या आहेत. गंगाखेडच्या आजींचे गाव विचारून घेतले होते. त्यांची प्रत मोठ्या आकारात, चौकटीसह, पुढच्या आठवड्यात घेऊन जातो.